रेडशर्टचे वर्ष वाया जाते का?

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि खेळ

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही गेली एकोणीस वर्षे डॅलसजवळ राहतो. आमचा धाकटा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असून शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह टॅकल म्हणून, म्हणजे आक्रमणाच्या रांगेत समोरच्या बचावपटूंना अडवण्याच्या जागेवर, खेळतो. त्याची उंची सहा फूट चार इंच आणि वजन 119 किलो आहे. डिव्हिजन वनमधील, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या सर्वांत वरच्या गटातील, दोन विद्यापीठांनी त्याला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली आहे आणि डिसेंबरमध्ये त्याला कोणत्या तरी एका कागदावर सही करायची आहे. मोठ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणतात की पहिले वर्ष बहुधा ‘रेडशर्ट’ करू, म्हणजे तो संघाबरोबर सराव करील पण सामने खेळणार नाही. लहान विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणतात की पहिल्याच सामन्यापासून मैदानात उतरवू. मुलगा अर्थातच दुसऱ्याकडे ओढला गेला आहे. कोल्हापूरला असलेले माझे सासरे तर फोनवर रागावलेच. “पोराला बसवून ठेवायला एवढ्या लांब पाठवायचे का? वर्ष वाया जाईल त्याचे,” असे ते म्हणाले. मला या खेळातले फारसे कळत नाही, पण वर्ष वाया जाणे म्हणजे काय ते चांगले कळते. आम्ही काय करावे?
– एक आई, टेक्सास

उत्तर : आपल्या पत्रातला सगळा घोर ‘वर्ष’ या एका शब्दात साठला आहे, म्हणून आधी त्याच शब्दाकडे वळतो. आपल्याकडे वर्ष वाया गेले म्हणजे मुलगा त्याच वर्गात राहिला आणि त्याच्या बरोबरीचे पुढे निघून गेले. रेडशर्टमध्ये असे काहीही होत नाही. मुलगा पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ विद्यार्थी असतो, तासांना बसतो, परीक्षा देतो आणि पुढच्या वर्षी रीतसर दुसऱ्या वर्षात जातो. थांबतो तो फक्त त्याच्या स्पर्धेच्या हंगामांचा हिशेब. डिव्हिजन वनच्या नियमानुसार खेळाडू कोणत्याही महाविद्यालयात पूर्णवेळ दाखल झाला की पाच वर्षांचे घड्याळ सुरू होते आणि त्या पाच वर्षांत त्याला चार हंगाम खेळता येतात. म्हणजे एक वर्ष शिलकीचे असते. ते सुरुवातीलाच सरावासाठी वापरले, तर तो अभ्यासात दुसऱ्या वर्षाला असताना खेळात अजून पहिल्या वर्षाचा धरला जातो, आणि अशा मुलालाच ‘रेडशर्ट फ्रेशमन’ म्हणतात.

या शब्दाची हकिकत आपल्या सासऱ्यांना जरूर सांगा. 1937 साली नेब्रास्का विद्यापीठात वॉरन आल्फसन नावाच्या खेळाडूने, आपण अजून तयार नाही असे वाटल्यामुळे, त्या हंगामात केवळ सराव करू देण्याची विनंती केली. तो क्रमांक नसलेला लाल सदरा घालून सराव करीत असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. या हकिकतीत त्याला कोणी बसवून ठेवले नव्हते, त्याने स्वतःहून वेळ मागून घेतला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिवाय, युद्धकाळासारखे अपवाद सोडले तर, 1972 पर्यंत मोठ्या विद्यापीठांच्या मुख्य फुटबॉल संघात पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळण्याची मुभाच नव्हती. तेव्हा आल्या आल्या मैदानात उतरणे ही या खेळाची जुनी रीत आहे आणि थांबणे हा कमीपणा आहे, असा समज मुलाने करून घेऊ नये.

आता आपल्या मुलाला बहुधा कोणी नीट समजावून न सांगितलेली गोष्ट. 2018 पूर्वी पहिल्या वर्षाचा मुलगा एका सामन्यात एका डावापुरता (‘प्ले’, म्हणजे काही सेकंदांची एक चाल) जरी मैदानात गेला, तरी सर्वसाधारणपणे त्याचा पूर्ण हंगाम खर्ची पडत असे. नोव्हेंबरमध्ये कोणी जखमी झाला म्हणून शेवटच्या दोन सामन्यांसाठी नवख्या मुलाला उतरवायचे आणि त्याचे अख्खे वर्ष त्यात जायचे, असे अनेकदा घडले. 2018 च्या हंगामापासून खेळाडूला चार सामन्यांपर्यंत खेळूनही तो हंगाम राखून ठेवता येतो. नियमित हंगाम बारा सामन्यांचा असतो, म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा झाला. त्यामुळे ‘रेडशर्ट की लगेच खेळणे’ असा प्रश्न आज ऑगस्टमध्ये निकालात काढावा लागत नाही. दोन सामने सप्टेंबरमध्ये, दोन हंगामाच्या अखेरीस, अशी विभागणी पुष्कळ प्रशिक्षक करतात आणि मधल्या काळात मुलात किती फरक पडला हे त्यांना व मुलालाही दिसते. मोठ्या विद्यापीठाने ‘बहुधा’ रेडशर्ट म्हटले आहे. त्या ‘बहुधा’मध्ये हे चार सामने धरले आहेत का, हे स्पष्ट विचारा.

यापुढचा विचार मुलाच्या जागेचा आहे, आणि माझे मत मुख्यतः त्यावरच बेतलेले आहे. आक्रमणाच्या रांगेत उभे राहणारे मोठ्या संघांतील तरुण साधारण 135 ते 140 किलोंचे असतात आणि त्यांच्यासमोर येणारे बचावपटूही बहुतेक एकवीस-बावीस वर्षांचे, तीन-चार वर्षे व्यायामशाळेत घडलेले पुरुष असतात. अठरा वर्षांचा मुलगा कितीही गुणी असला, तरी पाठ, नितंब आणि मांड्यांची ती ताकद एका उन्हाळ्यात येत नाही. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक किंवा फेकलेला चेंडू झेलणारा चपळ रिसीव्हर पहिल्या वर्षी चमकू शकतो, कारण वेग मुलगा घरूनच घेऊन येतो. 1980 साली जॉर्जियाचा हर्शेल वॉकर पहिल्याच वर्षी संघाला राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत घेऊन गेला, तो रनिंग बॅकच होता. रांगेतल्या मुलाचे तसे नसते. ब्रँडन शर्फ याने आयोवा विद्यापीठात 2010 चे वर्ष रेडशर्ट म्हणून काढले, 2014 मध्ये रांगेतल्या खेळाडूंसाठी मानाची समजली जाणारी आउटलंड ट्रॉफी मिळवली आणि 2015 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत तो पाचवा गेला. याउलट ऑरेगनचा पेनाय सूल 2018 मध्ये पहिल्याच वर्षी टॅकल म्हणून सुरुवातीच्या अकरांत होता आणि 2019 मध्ये तीच ट्रॉफी त्याने जिंकली. परंतु सूल अठराव्या वर्षीच शरीराने तयार होता. आपल्या मुलाचे 119 किलो वजन पाहता मला त्याची वाट शर्फच्या वाटेसारखी दिसते, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काहीही नाही.

सासरे कोल्हापूरचे आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगावीशी वाटते. तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद लगेच मैदानातल्या जोडीला लावत नाहीत. जोर-बैठका, खुराक, मोठ्या पैलवानांबरोबरची लढत यांत त्याची वर्षे जातात, आणि ती वाया गेली असे तालमीत कोणी म्हणत नाही. रेडशर्टचे वर्ष नेमके असेच असते. मात्र ज्या तालमीत वस्तादांचे पोराकडे लक्षच नाही, तिथे तेच वर्ष खरोखर वाया जाते, आणि आपण चौकशी करायची आहे ती याचीच.

त्यासाठी रेडशर्टचा आठवडा कसा असतो हे आपल्याला ठाऊक हवे. मी एका विद्यापीठात अनेक वर्षे खेळाडू-विद्यार्थ्यांचा अभ्यास-सल्लागार म्हणून काम केले आहे, त्यामुळे हे आठवडे मी जवळून पाहिले आहेत. हंगामात खेळाच्या कामांना आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते आणि ती रेडशर्ट मुलालाही लागू असते. त्याचा बराचसा सराव ‘स्काउट टीम’मध्ये होतो, म्हणजे येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव शिकून त्याने आपल्याच मुख्य संघासमोर उभे राहायचे असते. रोज संघातल्या सर्वांत तगड्या बचावपटूशी गाठ पडते, रोज तो जमिनीवर आपटला जातो, आणि त्यातूनच त्याचे पाय व हात शिकतात. सामना नसल्यामुळे त्याला व्यायामशाळेत मुख्य खेळाडूंपेक्षा जड वजने उचलता येतात. पंधरा-सोळा किलो वजन वाढवायचे असेल, तर ते आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वाढले पाहिजे; घाईने वाढवलेले वजन गुडघ्यांवर येते. विद्यापीठात पूर्णवेळ आहारतज्ज्ञ आहे का, हा प्रश्न आईने विचारला तर कोणीही त्याला भाबडा समजणार नाही.

अवघड असतात ते शनिवार. परगावच्या सामन्यांना मर्यादित खेळाडूंनाच नेले जाते, तेव्हा रेडशर्ट मुले वसतिगृहात राहून आपल्याच संघाचा सामना टीव्हीवर पाहतात. हायस्कूलमध्ये गावाचा लाडका असलेल्या मुलाला हे फार लागते. ऑक्टोबरच्या सुमारास यातली काही मुले माझ्यासमोर बसून रडली आहेत. आपला मुलगा मोठ्या विद्यापीठात गेला, तर त्या पहिल्या हंगामातले शनिवार आपण लक्षात ठेवा. फोन करा आणि जमेल तेव्हा जाऊन भेटा, तो खेळत नसला तरी.

पाचव्या वर्षाचा लाभ घरात कोणी मोजला नसावा. बहुतेक मुले चार वर्षांत, काही तर साडेतीन वर्षांतच पदवी पूर्ण करतात, कारण उन्हाळ्यातही त्यांचे वर्ग चालू असतात. मग खेळाचा एक हंगाम उरलेला असतो आणि त्या वर्षी शिष्यवृत्तीवर पदव्युत्तर शिक्षण सुरू करता येते. माझ्या ओळखीच्या अनेक मुलांनी असे केले आहे. आपल्या घरात शिक्षणाचे मोल मी सांगायला नको. पण हे पाचवे वर्ष शिष्यवृत्तीत धरले आहे का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा प्रशिक्षक पुढच्या जानेवारीत दुसऱ्या विद्यापीठात गेलेला असू शकतो.

आता काळजीची बाजू. पूर्वी प्रशिक्षक मुलाला वर्षभर घडवत, कारण तो चार-पाच वर्षे आपल्याकडेच राहील याची त्यांना बरीचशी खात्री असे. आज तसे राहिलेले नाही. 2021 पासून एकदा आणि 2024 पासून कितीही वेळा, अभ्यासातील पात्रता असेल तर, खेळाडू एक वर्ष न थांबता विद्यापीठ बदलू शकतात. खेळाडूंनी केलेल्या दाव्यात जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत फुटबॉल संघाची मर्यादा 105 खेळाडूंची झाली आहे आणि विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. याचा परिणाम असा की रांगेतला तयार, तेवीस वर्षांचा खेळाडू बाहेरून आणणे सोपे झाले आहे आणि रेडशर्ट मुलाला दुसऱ्या वर्षीही मागे ढकलले जाण्याचा धोका वाढला आहे. म्हणून मोठ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांना मुलासमोरच विचारा की गेल्या तीन वर्षांत त्यांनी रेडशर्ट केलेले किती टॅकल नंतर त्यांच्याकडेच सुरुवातीच्या अकरांत खेळले आणि किती जण सोडून गेले. नावानिशी उत्तर आले तर तिथे मुले घडवण्याची पद्धत आहे असे समजा. उत्तर गुळमुळीत आले तर तेही पुरेसे बोलके आहे.

लहान विद्यापीठालाही असेच तपासा. ‘पहिल्या सामन्यापासून’ हे वचन कोणत्याही करारात लिहिता येत नाही. त्याच्या जागेवर आज कोण खेळते, तो कोणत्या वर्षाचा आहे, आणि आपला मुलगा 119 किलोंवर त्या रांगेत टिकेल असे त्यांना कशावरून वाटते, हे विचारा. दुबळ्या रांगेत अपुऱ्या ताकदीने उभा केलेला मुलगा जखमी होण्याची मला जास्त भीती वाटते.

एनएफएलचे स्वप्न असेल, तर रेडशर्टमुळे ते लांबत नाही. तिथे हायस्कूल संपल्यापासून तीन वर्षे व्हावी लागतात, आणि रेडशर्टचे वर्ष त्यांत धरले जाते.

तेव्हा माझे मत असे आहे की वरील प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर मोठ्या विद्यापीठात जाऊन रेडशर्ट करावे. पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत ही चर्चाही अलीकडे जोरात आहे; म्हणून सही करण्यापूर्वी त्याच्या प्रवेशाच्या वर्षाला कोणता नियम लागू आहे, हे विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या कार्यालयाकडून, लेखी मागवून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा यंदाच विद्यापीठात गेला असून रनिंग बॅक आहे. त्याचे चार सामने खेळून झाले आहेत. पाचव्यात उतरला तर रेडशर्ट हातचा जाईल. त्याने नकार द्यावा का?
– एक वडील, न्यू जर्सी

उत्तर : चेंडू त्याच्या हातात देऊन त्याला खरोखर खेळवत असतील, तर त्याने खेळावे. रनिंग बॅकचे शरीर दर हंगामात झिजते. त्याचे उमेदीचे हंगाम पाचव्या वर्षासाठी राखून ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. मात्र त्याचा उपयोग फक्त किकऑफच्या वेळी धावण्यापुरता होत असेल, तर एवढ्यासाठी हंगाम खर्ची घालू नये, आणि तसे त्याने स्वतः प्रशिक्षकांकडे जाऊन आदराने सांगावे. आपण फोन करू नका.

थांबण्याचा निर्णय अनुभवी खेळाडूही घेतात. 2018 मध्ये क्लेमसनचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट याची जागा चार सामन्यांनंतर पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सला दिली गेली. ब्रायंटने तिथेच थांबून आपला हंगाम वाचवला आणि 2019 मध्ये तो मिझुरीकडून खेळला. लॉरेन्सने त्याच हंगामात, जानेवारी 2019 मध्ये, अलाबामाला 44-16 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. दोघांनीही आपापल्या जागी योग्य तेच केले असे मी मानतो.

एक तपासणी मात्र आजच करून घ्या. सामन्यात एकच डाव खेळला तरी तो सामना मोजला जातो, आणि मुलांना असे किरकोळ डाव आठवत नाहीत. त्याने नक्की किती सामन्यांत भाग घेतल्याची नोंद आहे, हे कम्प्लायन्स ऑफिसात विचारून मगच शनिवारचा विचार करा.