पाम स्प्रिंग्जच्या रोमँटिक गार्डन रेस्टॉरंटला सासू-सासऱ्यांना सोबत न्यावं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि चालू मीटिंग म्यूट करून लिहायला बसले. म्हणजे जूनमध्ये लग्नाचा दहावा वाढदिवस, सासू-सासरे भारतातून आलेले, सगळे शाकाहारी, आणि तुम्ही पाम स्प्रिंग्जला (कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं गाव) झाडांना लाइटच्या माळा लावलेलं, 'कंटेम्पररी अमेरिकन' जेवण देणारं एक बागेतलं रेस्टॉरंट बघून ठेवलंय, तर त्यांना न्यावं की घरी ठेवावं, आणि व्हेज काय मिळतं. वरती तिघांनी लिहिलंय की म्हाताऱ्या माणसांना असल्या ठिकाणी नेऊ नका, त्यांना ते जेवण जात नाही, बिल बघून बीपी वाढतं आणि तुमचाही मूड जातो. साफ चूक. न्या. मी नेलं होतं आणि त्यावरून माझी नणंद चार वर्षं मला ऐकवतेय, तरी सांगते, न्या.

मार्च 2022. आम्ही अर्वाइनला राहतो, सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले. नवऱ्याने बुकिंग दोघांचंच केलं होतं, मी ते चौघांचं केलं. सासूबाई घरात बसून बसून कंटाळलेल्या, सोसायटी नाही, देऊळ चालत जाण्यासारखं नाही, आणि आम्ही दोघं नटूनथटून बाहेर पडणार आणि त्या फ्रिजमधली आमटी गरम करून जेवणार, हे मला जमलं नसतं. नणंदेचं म्हणणं (ती न्यू जर्सीला असते) की रोमँटिक डिनरला आईबाबांना ओढत नेणं हा फक्त मी किती चांगली सून आहे हे दाखवायचा प्रकार होता. असू दे. तिने सहा महिन्यांतले नऊ दिवस सांभाळले त्यांना, नऊ. मोजलेत मी.

तर शुक्रवारी दुपारी निघालो, 91 नंबरच्या हायवेवर ट्रॅफिकचं जे व्हायचं ते झालंच. पुढे खिंडीत पवनचक्क्या दिसायला लागल्यावर मागे झोपलेले अप्पा, म्हणजे सासरे, उठून बसले. अप्पांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे, त्यांना वारा दिसला की पहिली बाग दिसते. "हितं मांडव टिकायचा न्हाई," म्हणाले आणि परत झोपले.

नवऱ्याने साडेसहाचं टेबल मुद्दाम सूर्यास्तासाठी घेतलेलं. फोनवर सूर्यास्त सातला दाखवत होता, पण आम्ही पोचलो तेव्हा सूर्य कधीच गेलेला. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. गाव समुद्रसपाटीपासून पाचशे फूटसुद्धा नाही आणि पश्चिमेला लगेच सॅन हासिंटोचा डोंगर उभा आहे, 10,834 फूट, त्यामुळे सूर्य तास-दीड तास आधीच डोंगराआड जातो. सनसेटच्या नादाला लागू नका. टेबल असं मागा की डोंगर पाठीशी येईल, कारण पूर्वेकडचे उघडेबोडके डोंगर नंतर बराच वेळ गुलाबी राहतात आणि बघण्यासारखे तेच.

बाग मात्र खरंच छान होती, खोटं कशाला बोलू. जुन्या बंगल्याचं अंगण, बोगनवेल, फळांनी वाकलेली लिंबाची आणि ग्रेपफ्रूटची झाडं, त्यात मार्च म्हणजे लिंबाला फुलं यायचे दिवस, त्यामुळे त्या वासाने माणूस आधीच अर्धा जेवलेला. टेबलावर मेणबत्ती. सासूबाई गुडघेदुखीमुळे खुर्चीत सावकाश टेकल्या आणि पहिलं काय म्हणाल्या तर "अगं थंडी आहे की इथे." वाळवंट म्हणून मी त्यांची शाल गाडीत ठेवली होती. दिवसा 28 असतं पण अंधार पडला की भराभर उतरतं. वेटरने तो छत्रीसारखा गॅसचा हीटर जवळ सरकवून दिला.

अप्पांनी तोवर वाकून लिंबाच्या बुंध्याशी बोट खुपसलं होतं. ड्रिपची नळी होती तिथे. "पानी जास्त व्हतंय ह्येला, मुळी कुजंल." मग पाणी कुठलं, हा प्रश्न. नवऱ्याने सांगितलं की जमिनीखालचं, पण उपसा इतका की कोलोरॅडो नदीचं पाणी आणून गावाबाहेर तळ्यांत सोडून मुरवावं लागतं. "म्हंजी तुमची म्हैसाळ योजनाच की," अप्पा म्हणाले (आमच्या सांगलीकडे कृष्णेचं पाणी उचलून आणतात ती) आणि एकदम खूश. मेनूकार्ड उघडलंच नाही त्यांनी, सुनेवर सोपवलं.

आता मेनूचं. कंटेम्पररी अमेरिकन म्हणजे बर्गर नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. 1971 मध्ये बर्कलीला अॅलिस वॉटर्स या शेफने शे पनीस नावाचं रेस्टॉरंट काढलं, तिथून पुढे पसरलेली ही पद्धत, जवळच्या शेतातलं, सीझनचं आणायचं आणि त्याला फ्रेंच, इटालियन, थोडं आशियाई असं काहीतरी करून मोठ्या पांढऱ्या प्लेटच्या मधोमध मांडायचं. माझं स्पष्ट मत, मांस-मासे खाणाऱ्यांसाठी उत्तम, शाकाहाऱ्यांसाठी मुख्य जेवणात एकच ओळ असते आणि ती ओळ बहुतेक वेळा रिसोटो (इटालियन मऊ भात) असते. आमच्याकडेही रिसोटोच होता, मशरूम आणि अॅस्परॅगस घातलेला. आधी बीटचं सॅलड आलं गोट चीज घातलेलं. सासूबाई म्हणाल्या कोशिंबीर बरी आहे पण दाण्याचं कूट विसरलेत. मग रिसोटो.

तो त्यांना इतका आवडला की काय सांगू. आपला गुरगुट्या भात असतो ना, तूप सोडलेला, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी आठ महिन्यांत... नाही, सहा, सहा महिन्यांत पहिल्यांदाच बाहेर मिळालं होतं. ताट पुसून खाल्लं. आणि मग मला म्हणाल्या, "विचार ना गं त्याला, कसा करतात." मी विचारलं. तो पोरगा एवढा खूश झाला, छाती फुगवून सांगायला लागला की आमचा शेफ स्टॉक, म्हणजे भात ज्यात शिजतो ते पाणी, स्वतः बनवतो, चिकनची हाडं भाजून घेऊन सहा तास उकळतो, म्हणून ती चव येते.

टेबलावर एक सेकंद कुणी हललं नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. सासूबाई माझ्याकडे बघतायत, मी सांगेन म्हणून. बुकिंगमध्ये 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं होतं, ऑर्डर देताना मी पुन्हा विचारलं होतं की यात मीट नाही ना, आणि तो "नो मीट" म्हणाला होता, जे त्याच्या हिशोबाने खरंच होतं, तुकडे नव्हते. पण त्या क्षणी हे सगळं कुणाला सांगणार. बाईंनी जन्मात खाल्लं नाही, गुरुवार करतात, आणि पुढ्यात रिकामं ताट.

मी म्हणाले, "भाज्या उकळून त्याचं पाणी घालतात म्हणे, सहा तास उकळतात."

"सहा तास? गॅस किती जात असेल," सासूबाई म्हणाल्या.

नंतर खजुराचा गरम केक आणि आइस्क्रीम घेतलं (अमेरिकेतला बराचसा खजूर याच खोऱ्यातला, तिथे जाऊन खजुराचं काही खाल्लं नाही तर गेलात कशाला). केकमधलं अंडं सासूबाईंना चालतं, दिसत नाही म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. बिल टिप धरून 370 डॉलर. अप्पांनी मनातल्या मनात गुणाकार केला, 28 हजार, आणि फक्त एवढंच म्हणाले, "दोनशे पेट्या." बीपी वगैरे काही वाढलं नाही.

नवऱ्याने ही गंमत म्हणून आठवड्याने बहिणीला फोनवर सांगितली. झालं. "तू माझ्या आईला चिकनचं पाणी पाजलंस आणि वर खोटं बोललीस." तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक व्हिडिओ कॉलला ते येतंच. तिचं म्हणणं की मी तिथेच खरं सांगायला हवं होतं. का? खाऊन झालेलं होतं. सांगून पोटातलं बाहेर येणार होतं का? बाई रात्रभर जागल्या असत्या, गुळण्या करत बसल्या असत्या, आणि मला मात्र खरं बोलल्याचं समाधान. ते समाधान मला नको होतं.

आता जे नणंदेला माहीत नाही ते. सासूबाई परत जायच्या आदल्या दिवशी बॅगा भरताना मी आणि त्या दोघीच होतो. म्हणाल्या, "त्या हॉटेलातला भात मात्र छान होता." मी गप्प. मग म्हणाल्या, "चिकन एवढं इंग्रजी मला कळतं गं." माझ्या हातातली लोणच्याची बरणी पडायची राहिली. म्हणाल्या, तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस, यांच्या पुढ्यात मला काहीतरी करून दाखवावं लागलं असतं. आणि पोरीला यातलं काही सांगू नकोस. म्हणून सांगितलं नाही. नणंद मराठी वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.

अप्पांना विचाराल तर त्यांची ट्रिप दुसऱ्या दिवशी झाली. दक्षिणेला मेक्का, थर्मल नावाच्या गावांकडे गेलात तर सगळ्या द्राक्षबागा आहेत, अमेरिकेतली सीझनची पहिली द्राक्षं मे महिन्यात तिथून निघतात. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली, कोवळी पानं आलेली होती, अप्पा कुंपणाला धरून अर्धा तास उभे. तासगावात एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदा छाटणी, इथे थंडीत वेल झोपतो म्हणून एकदाच, हे त्यांना पटतच नव्हतं. आपली तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात थॉमसन सीडलेस या जातीतूनच निवडलेली, आणि थॉमसन हा कॅलिफोर्नियातलाच शेतकरी. हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. "म्हंजी माहेरीच आलो की," म्हणाले. तर तुमचे सासरे शेतीतले असतील तर हे जरूर करा, नसतील तर केबलकारने डोंगरावर न्या, तिचा तळ जाताजाता गोल फिरतो आणि वर स्वेटर लागतो.

बाकी, आधी सांगायचं राहिलं, तुम्ही जूनमध्ये जाणार म्हणताय. जूनमध्ये बाहेर बसू नका. दिवसा 40 च्या वर असतं आणि रात्री आठलाही अंगणातली फरशी तापलेली असते, जुलैत तर 2024 ला 124 फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे 51. फवारे लावतात पाण्याचे, पण ते म्हणजे द्राक्षबागेवर औषध फवारायचा ब्लोअर फिरवतात तसं, मेकअप जातो आणि जेवण ओलं होतं. बरीच रेस्टॉरंट जुलै-ऑगस्टमध्ये बंदच असतात, तुमचं चालू आहे का ते फोन करून बघा, आणि आतलं खिडकीजवळचं टेबल घ्या. वाढदिवस मार्चमध्ये हलवता येत नाही हे मला कळतं.

टिप 18-20 टक्के द्या, पण आधी बिलावर सर्व्हिस चार्ज लावलाय का ते बघा, नाहीतर दोनदा जाते. "ते टिपवरच जगतात" हे कॅलिफोर्नियात तितकंसं खरं नाही, इथे वेटरला पूर्ण मिनिमम वेज द्यावाच लागतो, टिप त्याच्या वर. तरी द्या.

आणि ऑर्डर देताना "मीट आहे का" विचारू नका, "स्टॉक कशाचा" विचारा. अस्सल इटालियन पार्मेजान चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, तिथवर जाणार असाल तर मग ब्रेड-बटर खाऊन या. आम्ही गेलो ते रेस्टॉरंट कोणतं, हे मेसेज करून विचारू नका, नाव सांगणार नाही, पोरगा चांगला होता बिचारा.