जुनं पेंटबॉल पिस्तूल गॅस गळतंय आणि थंडीत जोर जातोय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये एका मित्राकडून ०.६८ इंची बॉलचं, मॅगझिनवालं पिस्तूल घेतलं. १२ ग्रॅमचं कार्ट्रिज (गॅसची छोटी बाटली) बसवलं की फुस्स आवाज येतो आणि भराभर मारलं की आठ-दहा बॉलनंतर जोर जातो. नवं बॅरल, नवी स्प्रिंग असलं काही आत्ताच मागवू नका. फुस्स होतंय ते रबरामुळे, जोर जातोय तो बराचसा थंडीमुळे.

आधी मॅगझिन काढा, मास्क घाला (गॅरेजमध्येसुद्धा), सुरक्षित दिशेला चाप ओढत उरलेला गॅस संपवा आणि मगच कार्ट्रिजची टोपी सैल करा. आत दाब असताना टोपी निघाली तर कार्ट्रिज उडून अंगावर येऊ शकतं. बॅरल तपासायचं ते काढून, उजेडाकडे धरून.

आता आवाज कुठून येतो ते बघा. मुठीकडून येत असेल तर कार्ट्रिजचं तोंड जिथे टेकतं तिथलं सील गेलंय. कुकरची रिंग जुनी झाली की कडक होते आणि वाफ सोडते, तसंच हे. लाकडी टूथपिकने काढा. धातूच्या टोकाने खाच पडते आणि मग नवं सीलही गळतं. बदली ओ-रिंग (म्हणजे हेच गोल सील) पॉलियुरेथेनची घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली साधी काळी नायट्राइलची रिंग कार्बन डायऑक्साइड शोषून फुगते. आवाज बॅरलमधून येत असेल तर मामला आतल्या व्हॉल्व्हचा. त्या मॉडेलचं सील किट मिळतं, ते मागवा.

नवं कार्ट्रिज लावताना त्याच्या तोंडावर एअरगनच्या तेलाचा एक थेंब टाका, गॅसच ते आत पोचवतो. डब्ल्यूडी-४० मात्र नको, सीलची वाट लागते.

जोराचं गणित असं. कार्ट्रिजमध्ये द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असतो. २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब साधारण ५७ बार असतो, शून्याला ३५ च्या आसपास. शिवाय प्रत्येक बॉलमागे थोडा द्रव उकळतो आणि कार्ट्रिज आणखी गार पडतं. हात लावून बघा, बोटं गारठतात. म्हणून दोन बॉलमध्ये जरा दम खा, सुटी कार्ट्रिज जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. हीटरवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापवायचा उद्योग अजिबात नको. तसंही भराभर मारायचं हे हत्यार नव्हे. १९८१ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या हेनिकरला पेंटबॉलचा पहिला खेळ झाला, तो बारा जणांनी झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या नेलस्पॉट ००७ पिस्तुलांनीच खेळला. जिंकणाऱ्याने एकही बॉल मारला नव्हता!

बॉलचा वेग घरी सेट करून उपयोग नाही. मैदानावर, त्या दिवशीच्या हवेत, क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) करा. सकाळच्या गारठ्यात मर्यादेच्या काठोकाठ लावलात तर दुपारी उन्हात मर्यादा ओलांडतो. सेकंदाला ३०० फूट ही नेहमीची कमाल मर्यादा, बरीच मैदानं २८० च ठेवतात. थांबत थांबत चार-पाच बॉल मारा आणि सरासरी नाही, सगळ्यात मोठा आकडा बघा. वेगाचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. कुठल्या बाजूला वाढतो ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पुस्तिका बघा.

बॉल आत फुटला तर कोमट पाण्याचं फडकं पुरतं, रंग पाण्यात विरघळतो. पण बॅरलबरोबर मॅगझिनही पुसा, चिकटपणा खरा तिथे राहतो. पुन्हा पुन्हा फुटत असतील तर पिस्तुलाला दोष देण्याआधी बॉल बघा: कवच जिलेटिनचं असतं, दमट हवेत फुगतं. निघालेल्या बॅरलमध्ये मागून बॉल ठेवा. अलगद अडकला आणि फुंकरीने पुढे गेला तर माप बरोबर. मॅगझिन भरून आठवडाभर ठेवू नका, स्प्रिंगच्या दाबाने बॉल चेपतात आणि चेपलेला बॉल सरळ जात नाही. घरी ठेवताना कार्ट्रिजही काढून ठेवा, नाहीतर नवं सीलसुद्धा दबून दबून गळायला लागेल.