तेल सोडलं, तरी ट्रायग्लिसराइड वाढलेलंच

तळलेलं बंद, नारळ बंद, मासळी बंद. आणि तरी रिपोर्टमधला ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या एका चरबीचा, आकडा हटत नाही. आहार समुपदेशन करताना ही तक्रार माझ्या कानावर सतत येते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका जोडप्याची हकिकत सांगते, ओळख पटेल असे तपशील वगळून.

गृहस्थ पन्नाशीला टेकलेले. खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर उभ्यानं काम करायचे. 2018 मध्ये खाणी थांबल्या आणि ते भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागले. तपासणीत ट्रायग्लिसराइड 386 आलं. उपाशीपोटी ते 150 च्या आत हवं. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल 31, म्हणजे कमी. उपाशीपोटीची साखर 112, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. थायरॉइड बिघडलं तरी हा आकडा वाढतो, म्हणून डॉक्टरांनी तेही पाहिलं होतं. ते ठीक होतं.

ते बोलत होते तोवर वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "घरात सगळे मलाच बोलतात. हुमणात, माशाच्या कालवणात, खोबरं किती घालतेस म्हणून. आता मी नारळ फोडायचंच सोडलंय."

नवऱ्याच्या रक्तातल्या चरबीचा सगळा दोष बायकोच्या हाताला लावून मोकळं व्हायचं, हे मी अनेक घरांत पाहते आणि मला त्याचा राग येतो. मी म्हटलं, "वहिनी, खोबऱ्याकडे नंतर येऊ. भाऊ, जेवणाव्यतिरिक्त दिवसभरात पोटात काय काय जातं ते सांगा."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी पदेराचे (पाववाल्याचे) दोन-तीन उंडे, म्हणजे गोल पाव, गोड चहात बुडवून. दुकानात दर तासा-दोन तासांनी चहा, सोबत बिस्किटं. दुपारी मासळी नाही, तोंडाला चव नाही, म्हणून नुसत्या डाळीवर ताटभर भात. ऊन तापलं की थंड पेयाची बाटली. अशा 300 मिलीच्या कोलाच्या बाटलीत साखर साधारण 30 ग्रॅमच्या वर असते. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर बसणं. उन्हाळ्यात उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची दारू, तीही गोड पेय मिसळून. "उर्राक म्हणजे शेवटी बोंडूचा रसच ना, मॅडम?" ते अगदी मनापासून विचारत होते.

त्यांच्या आकड्याचं मूळ इथं होतं. साखर, मैदा, भात यांतून गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी बनवतं आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. दारू यकृताला त्याच कामाला जुंपते, मग ती फेणी असो की उर्राक. त्यात पोटाचा घेर वाढलेला आणि हालचाल नाही, मग इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि ही चरबी रक्तातून लवकर हटतही नाही. त्यांनी तेल सोडलं, पण ती जागा उंडे आणि भातानं भरून काढली.

मासळी सोडल्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. बांगडा आणि तारले यांत ओमेगा-3 असतं, ते ट्रायग्लिसराइड कमी व्हायला मदतच करतं. रवा लावून तेलात तळलेला तुकडा रोज नको; पण बांगड्याची उडदमेथी (उडीद-मेथीचं कालवण) खुशाल करा, असं सांगितलं तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. खोबरं मात्र बेतानं, कारण त्यातली संपृक्त चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते.

चहातली साखर उतरवत नेली, थंड पेयं बंद. भात उकड्या तांदळाचा, पण वाटीनं मोजून. उरलेली भूक चवळीच्या तोणाकानं (उसळीनं) आणि भाजीनं भागवायची. दुकान बंद केल्यावर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालायचं. खरी ओढाताण झाली ती दारूवरून. "आठवड्यातून दोनदाच तर घेतो" हे वाक्य पुन्हा पुन्हा आलं. मी उपदेश केला नाही. पुढच्या तपासणीपर्यंत पूर्ण बंद ठेवा आणि काय होतं ते स्वतःच्या रिपोर्टमध्ये पाहा, एवढंच म्हटलं.

तीन महिन्यांनी वजन 83 वरून 78 किलो आणि ट्रायग्लिसराइड 204. डॉक्टरांनी गोळी तूर्त लांबवली. प्रत्येकाची लांबवता येईलच असं नाही. आकडा 500 च्या पुढं गेला की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो. तिथं तेल-तूपही काटेकोर कमी करावं लागतं आणि औषधाला टाळाटाळ चालत नाही. अशा माणसाच्या पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन पाठीत गेली, उलट्या झाल्या, तर पित्त समजून घरी थांबू नये, थेट इस्पितळ गाठावं.

एचडीएल अजून फारसं हललेलं नाही, म्हणून चालणं सुरूच आहे. पुढची तपासणी चतुर्थीच्या आधी ठरली आहे. आदल्या दिवशी दारू नको, रात्री हलकं जेवण आणि मग 10 ते 12 तास फक्त पाणी, असं कागदावर लिहून दिलंय. कागद वहिनींनी घेतला नाही, ह्यांच्याच हातात द्यायला लावला.