दोन अॅम्प मॉडेल एकत्र लावले की टोन भरायच्या ऐवजी पातळ का होतो

म्हापशाच्या मित्राने विचारलंय की मॉडेलरमध्ये (अॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) फेंडरचा ट्विन रिव्हर्ब डावीकडे आणि मार्शलचा जेसीएम ८०० उजवीकडे लावला, घरी हेडफोनवर एकदम भरलेला वाजतो, पण कळंगुटच्या शॅकवर (किनाऱ्यावरचं रेस्टॉरंट) बँडबरोबर तोच पॅच (सेव्ह केलेली सेटिंग) पातळ आणि नाकातून आल्यासारखा येतो, तर तिसरा अॅम्प घालू का?

नको घालू रे. आधी मोनोत ऐक, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून. आपल्याकडे शॅकवर काय किंवा लग्नाच्या हॉलमध्ये काय, साऊंडवाला बहुतेक वेळा गिटारला एकच चॅनल देतो, म्हणजे तुझं डावं-उजवं तिथे एकमेकांत मिसळतं. हेडफोनवर दोन अॅम्प दोन वेगवेगळ्या कानात असतात त्यामुळे त्यांचं भांडण ऐकूच येत नाही, मोनो झालं की सगळं बाहेर येतं.

हे भांडण फेजचं, म्हणजे दोन लहरींचे चढउतार न जुळण्याचं असतं. दोन्ही रस्त्यांवर (म्हणजे दोन्ही अॅम्पच्या साखळ्यांत) सिग्नल सेम वेळेला पोचला नाही तर काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. फक्त १ मिलिसेकंदाचा फरक पडला तरी ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला, आणि गिटारचा सगळा जीव तर तिथेच असतो! हवेत १ मिलिसेकंद म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या कॅबसमोर (स्पीकरच्या पेटीसमोर) एक माईक वीतभर मागे सरकवला तरी फरक पडतो. मॉडेलरमध्ये हे बहुतेक आयआरमुळे (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅब आणि माईकच्या आवाजाचा नमुना असलेली फाइल) होतं, दोन वेगळ्या ठिकाणाहून घेतलेल्या आयआरची सुरुवात जुळेलच असं नाही. किंवा एकाच रस्त्यावर पिच शिफ्टरसारखा वेळ खाणारा ब्लॉक असतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. दोन्ही अॅम्प मधोमध पॅन कर, एकेक एकटा वाजवून आवाज कानाला समान कर (हे टाळू नकोस, जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो आणि मग सगळेच निर्णय चुकतात), मग जाड तारांवर पॉवर कॉर्ड धरून एका रस्त्याची पोलॅरिटी (लहरीचं वर-खाली) उलटी करून बघ. ज्या स्थितीत खालचा भाग जास्त भरतो ती ठेव. तरीही पोकळ वाटलं तर एकाच्या कॅब ब्लॉकमध्ये डिले असेल तो अगदी थोडा थोडा हलवत जा, किंवा सरळ दोन्ही अॅम्प एकाच आयआरमधून काढ, रंग थोडा कमी होतो पण शॅकवर ते कोणाला कळत नाही.

आता अॅम्पची निवड, माझ्या मते खरी मजा इथेच आहे. दोन भरलेले टोन एकावर एक ठेवले की गढूळ होतं, प्रत्येकाने दुसऱ्याला जागा सोडली पाहिजे. चवथीला घरात घुमट आरती ऐकतो ना आपण, घुमट खालचा घुमारा देतं, शामेळ मधे कडक बोलतो, कांसाळें वर चमकतं, म्हणून तीन वाद्यात घर भरतं. तसंच इथे. फेंडरच्या टोन स्टॅकमध्ये (बेस-मिड-ट्रेबलच्या सर्किटमध्ये) मिड्स, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सी, मुळातच खाली असतात, मार्शल नेमका तिथेच बोलतो, म्हणून तुझी जोडी बरोबरच आहे. ट्विन जवळजवळ क्लीन ठेव, म्हणजे पिकाचा ठोका त्याच्यातून येईल, आणि सस्टेन मार्शल देईल. व्हॉक्स एसी३० पण मार्शलसोबत सुंदर बसतो कारण ईएल८४ ट्यूब आणि निगेटिव्ह फीडबॅक नसल्यामुळे वरचा झंकार वेगळाच असतो. पण फेंडरचा बासमन आणि मार्शलचा जेटीएम४५ ही जोडी लावून काही मोठं मिळेल अशी अपेक्षा करू नकोस, जेटीएम४५ बासमनच्याच सर्किटवरून बनवलाय, नावं वेगळी आणि कूळ एकच. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनसुद्धा फेंडर, डंबल असे वेगवेगळ्या स्वभावाचे अॅम्प एकत्र वाजवायचा.

गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) दोन्हीकडे कमी कर, एकटा ऐकताना थोडा कमीच वाटला पाहिजे. मार्शलवाल्या रस्त्यावर १०० हर्ट्झच्या खाली कापून टाक, तुझी जाड ई तार ८२ ची आहे आणि त्या खालची जागा बेसवाल्याची आहे. कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारा ब्लॉक) हे स्प्लिटच्या, म्हणजे सिग्नल दोन रस्त्यांत फुटतो त्याच्या, आधी ठेव, नाहीतर दोन गेट वेगवेगळ्या वेळी बंद होतात आणि नोटची शेपटी विचित्र तुटते. रिव्हर्ब आणि डिले मात्र मिसळल्यानंतर एकच.

आणि पॅच शक्यतो गिगच्याच आवाजावर बनव. कमी आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो म्हणून रात्री घरी हळू वाजवताना आपण तो वाढवून ठेवतो आणि तिथे जाऊन सगळं गुरगुरतं. शॅक असो वा हॉल, दुपारी साऊंडचेकला लवकर जाऊन दहा मिनिटं मिळाली तरी पुरतात.

तुझ्या दोन्ही रस्त्यांवर आयआर कुठले आहेत आणि ओव्हरड्राइव्ह स्प्लिटच्या आधी आहे की नंतर ते लिही, मग लेव्हल किती ठेवायची ते बघू.