दूध पुरते की नाही, हे कोण ठरवणार? नव्या आयांच्या प्रश्नांना बालरोगतज्ज्ञाची उत्तरे

माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतले असतात आणि ते पुन्हा पुन्हा तेच असतात, कारण त्यांची उत्तरे शेजारणीकडून, मोबाइलवरच्या चित्रफितींतून किंवा औषधांच्या दुकानातून आधीच मिळालेली असतात. त्यांपैकी काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. उत्तर वाचले म्हणजे बाळाची तपासणी झाली, असे मात्र कोणी समजू नये.

प्रश्न: बाळ दोन महिन्यांचे आहे. इंदूरच्या उन्हाळ्यात त्याला दोन-चार चमचे उकळलेले पाणी द्यावे का?

नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधातले पाणी मे महिन्यातही पुरेसे असते. पाणी वारंवार प्यायचे ते आईने.

प्रश्न: सिझेरियन होऊन तीन आठवडे झाले. बाळ संध्याकाळभर रडते आणि सारखे अंगावर मागते. दूध पिळून पाहिले तर वाटीच्या तळाशी जेमतेम दिसते. घरातले सगळे म्हणतात, दूध पुरत नाही. रुग्णालयातून निघताना पावडरच्या दुधाचा एक डबा भेट मिळाला होता. तो सुरू करावा का?

माझ्याकडे येणाऱ्या बाळांपैकी ज्यांचे अंगावरचे दूध अकारण सुटलेले असते, त्यांची कहाणी याच प्रश्नापासून सुरू झालेली असते, म्हणून सविस्तर लिहितो.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरत नाही, छाती मऊ पडली यावरून ठरत नाही आणि पिळून वाटीत किती आले यावरून तर मुळीच ठरत नाही, कारण नीट धरलेले बाळ जेवढे दूध ओढून घेते तेवढे हाताने किंवा पंपाने अनेकदा निघत नाही. ते ठरते बाळाच्या लघवीवरून आणि वजनावरून. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा भरपूर लघवी व्हायला हवी. पहिल्या दिवसांत वजन काहीसे उतरते, ते साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनापर्यंत परत यायला हवे आणि त्यापुढे पहिले तीन महिने रोज सरासरी 20 ते 30 ग्रॅमने वाढायला हवे. संध्याकाळी पुन्हा पुन्हा पिणे हा या वयाचा स्वभाव आहे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते, हे तुम्हाला कोणी आधी सांगितलेच नसेल, तर बाळ उपाशी आहे असे वाटणे साहजिक आहे.

सिझेरियननंतर दूध भरून यायला थोडा उशीर होऊ शकतो, पण ते येते. बाळ जितके ओढेल तितके दूध बनते. रात्री एक बाटली दिली की बाळ तेवढे कमी ओढते, दुसऱ्या दिवशी दूध तेवढे कमी बनते, मग दुसरी बाटली लागते आणि महिन्याभरात आई स्वतःच सांगू लागते की तिला दूधच नव्हते. तिला दूध होते; ते मागणारे तोंड आपण दुसरीकडे वळवले.

आता त्या भेटीच्या डब्याविषयी. 1992 च्या कायद्याने आणि 2003 मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीने आपल्या देशात दोन वर्षांखालील बाळांच्या अशा आहाराची जाहिरात करणे, मोफत नमुने वाटणे आणि आईला भेट देणे यांस मनाई केली आहे. डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्रही छापता येत नाही. तो डबा मायेने दिलेला नव्हता. ज्या आठवड्यात आई सर्वांत थकलेली आणि घाबरलेली असते, नेमका तो आठवडा गाठलेला होता, आणि रुग्णालयाच्या दारात हे घडावे याचा मला संताप येतो.

काही बाळांना डब्याच्या दुधाची खरोखर गरज पडते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असते, आईला थायरॉइडचा त्रास असतो, वारेचा तुकडा आत राहिलेला असतो किंवा वजन खरोखरच वाढत नसते. अशा वेळी ते दूध औषधाच्या निश्चयाने द्यावे आणि कोणत्याही आईने त्यात अपराध मानू नये. पण तो निर्णय बाळाला उघडे करून वजन केल्यावर आणि पाजताना पाहिल्यावर डॉक्टरांनी घ्यायचा असतो. डबा बंदच ठेवा, या दोन दिवसांत बाळाला घेऊन जा आणि तपासणाऱ्यांसमोर पाजून दाखवा. बाळाने केवळ टोक न धरता भोवतालचा काळा भागही तोंडात घेतला आहे का, हे पाहणे शतावरीच्या कल्पापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे ठरते.

प्रश्न: मी आजी आहे. सून बाजेखाली शेगडी ठेवू देत नाही, जन्मघुटी आणि मध चाटवू देत नाही. आमची मुले याच पद्धतीने वाढली. यात चूक काय?

आजी, सूनबाईंचे बरोबर आहे. एक वर्षाखालील बाळाला मधातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते, घुटीबरोबर जंतू पोटात जातात, आणि बंद खोलीतल्या शेगडीतून निघणारा विषारी वायू वासाने कळतही नाही. डोळ्यांत काजळ आणि नाकात तेलही नको. तुमचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हलक्या हाताची मालीश आणि सुनेला दुपारी दोन तास निवांत झोपू देणे, हे सारे अवश्य करा. मात्र लाडू खाल्ले म्हणून लोहाच्या गोळ्या सुटत नाहीत. त्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात आणि त्यांची मात्रा तिच्या डॉक्टरांना विचारावी.

प्रश्न: मुलगी पाच आठवड्यांची आहे, सुदृढ आहे, घर आनंदात आहे. मला मात्र काहीच वाटत नाही. ती झोपली तरी मला झोप येत नाही आणि मी वाईट आई आहे असे सतत वाटते. हे कोणाला सांगू?

तुम्ही वाईट आई नाही, आणि हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. बाळाला पाहताच मन भरून यावे असे सगळीकडे सांगितले जाते, पण अनेकींना ती माया हळूहळू, पाजता-न्हाऊ घालताना लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारे रडू आणि हळवेपणा बहुतेकींना होतो आणि दोन आठवड्यांत ओसरतो. पाच आठवडे टिकलेली उदासी आणि उडालेली झोप मात्र त्यात बसत नाही. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार आहे, तो बरा होतो, आणि अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधे आहेत. त्यांची निवड मनोविकारतज्ज्ञ करतील. या आठवड्यातच त्यांची भेट घ्या. हिमोग्लोबिन व थायरॉइडही तपासून घ्या. 14416 या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

हे उत्तर तुमच्या पतींनीही वाचावे. “बाळाकडे पाहिले की विसरशील” असे म्हणून वाट पाहत राहणे धोक्याचे आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर तुम्हाला क्षणभरही एकटे न सोडता, रात्र असली तरी, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

प्रश्न: अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत ना?

राहू शकतात, आणि पाळी परत येण्याआधीही राहू शकतात. सहा आठवड्यांच्या तपासणीला जाल तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: बाळ चोवीस दिवसांचे आहे आणि डोळे अजून पिवळसर आहेत. रोज कोवळे ऊन दाखवत आहोत. किती दिवस दाखवावे?

ऊन दाखवणे हा काविळीचा उपचार नाही. दोन आठवड्यांपुढे टिकलेली कावीळ अंगावरच्या दुधामुळेही असते आणि ती निरुपद्रवी असते, पण हे रक्तातील एकूण व थेट बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) तपासल्याशिवाय कोणालाही म्हणता येत नाही. शी पांढरट किंवा मातकट होत असेल किंवा लघवीने लंगोट पिवळा पडत असेल, तर यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बंद असण्याची शंका येते. त्यासाठीची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याच्या आत झाली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो, आणि तपासण्यांतही काही दिवस जातात. शीचा रंग आजच उजेडात पाहा, मोबाइलवर तिचे छायाचित्र काढा आणि उद्याची वाट न पाहता बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.