चाळीस मेसेज, दोन उत्तरं

तुझं म्हणणं थोडक्यात असं: मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, लातूरकडचं कॉलेज, लिंक्डइनवर चाळीस माजी विद्यार्थ्यांना मेसेज टाकले, उत्तरं दोन आली आणि त्यातलं एक 'बघू'. कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ वार्षिक मेळाव्यापलीकडे हलत नाही. मग मेंटॉर मिळवायचा कसा?

मी २००४ साली अशाच एका कॉलेजातून बाहेर पडलो. आता चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीत आहे. गेली काही वर्षं दोन-तीन पोरांशी नियमित बोलत असतो. तू वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

तू टाकलेला मेसेज इथे दिलास ते बरं केलंस. 'रिस्पेक्टेड सर, प्लीज गाइड करा, ओपनिंग असेल तर सांगा.' असे मेसेज मलाही येतात आणि खरं सांगतो, मीही बऱ्याचदा उत्तर देत नाही. माज नाही रे, पण 'गाइड करा' याला माणूस उत्तर काय देणार? आणि ओपनिंग म्हटलं की तो बिचकतोच, कारण भरती त्याच्या हातात नसते.

मागे एका मुलीने विचारलं होतं, 'इंटर्नशिपमध्ये पीपीएपीची फाइल बघितली. पीएफएमईए आणि कंट्रोल प्लॅन यांचा मेळ कसा घालतात ते कळलं नाही. दहा मिनिटं मिळतील का?' पीपीएपी म्हणजे नवा भाग मंजूर करून घेण्यासाठी ग्राहकाला द्यायची कागदपत्रं, पीएफएमईए म्हणजे बनवताना कुठे काय चुकू शकतं याची यादी आणि कंट्रोल प्लॅन म्हणजे तपासणीचा आराखडा. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. जो दोष होऊ शकतो असं पीएफएमईएत लिहिलंय, तो रोखायची किंवा पकडायची सोय कंट्रोल प्लॅनमध्ये दिसलीच पाहिजे, एवढीच गोष्ट. पण ती समजावताना मलाच मजा आली. पंधरा दिवसांनी तिने स्वतः बनवलेला एका ब्रॅकेटचा कंट्रोल प्लॅन पाठवला. चुका होत्या. पण त्यानंतर तिचा फोन मी कधी टाळला नाही.

माणूस निवडताना मोठी खुर्ची बघू नकोस. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. तिथे गाव, कंपनी, कामाचा प्रकार असं चाळता येतं. दोन ते पाच वर्षांपूर्वी पास झालेले शोध. आजच्या ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्टबद्दल माझ्यासारख्याला विचारून काय उपयोग? आमच्या वेळी हॉलमध्ये बाकं लावून पेपर व्हायचा.

एकाच मेंटॉरवर विसंबूही नकोस, हे माझ्याच चुकीवरून सांगतोय. एका मुलाला मी ठासून सांगितलं, गेटच्या (एम.टेक. आणि काही सरकारी कंपन्यांच्या भरतीसाठी लागणाऱ्या परीक्षेच्या) नादी लागू नकोस, मिळेल ती नोकरी धर. त्याने ऐकलं आणि वर्षभर कुढत राहिला, कारण त्याला सरकारी कंपनीतच जायचं होतं. पुढच्या वर्षी मला न सांगता परीक्षा दिली आणि गेलाही. मी माझ्या आयुष्याचा सल्ला त्याला चिकटवला होता. तुझाही तसा विचार असेल तर गेटला तिसऱ्या वर्षातही बसता येतं आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यासाठी गेट देऊन गेलेलाच सीनियर गाठ.

कॅम्पसमधून काही जमलं नाही तर नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेखाली वर्षभराची पदवीधर अप्रेंटिसशिप असते, स्टायपेंडही मिळतो. 'नोकरी द्या' याऐवजी 'तुमच्या कंपनीत अप्रेंटिस घेतात का, एचआरमध्ये कोणाला भेटू?' असं विचार. हे सांगायला कोणाला जड जात नाही.

आणि कॉलेजला अगदीच मोडीत काढू नकोस. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा आहे, त्यामुळे त्यांनाही काहीतरी दाखवायचं असतंच. प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांकडे जाऊन म्हण, 'सत्रात दोन ऑनलाइन गप्पा ठेवू, माणसं मी शोधतो.' बॅनर आणि फोटो होणारच, होऊ देत. त्या निमित्ताने जुन्या बॅचेसचे फोन नंबर तुझ्या हाताला लागतील.

आता ते 'रिस्पेक्टेड सर' काढून नवा मेसेज लिही. तीन-चार वर्षं पुढे असलेल्याला सरळ दादा किंवा ताई म्हण, चालतं. लिहून झाला की इथेच टाक, या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे, संध्याकाळी बघतो.