अलामातमध्ये आधी नऊ जण होते, आता सहा. ग्रुप फुटला का?

तुमचा प्रश्न असा आहे की एसबी१९ आणि बिनी हे फिलिपिन्सचे पॉप ग्रुप ऐकून झाल्यावर तुम्ही तिथल्याच अलामात या मुलांच्या ग्रुपकडे वळलात, तर जुन्या व्हिडिओत नऊ मुलं दिसली आणि नंतरच्या व्हिडिओत सहाच. मग ग्रुप फुटला का, आणि आता ऐकायला घेण्यात काही अर्थ आहे का?

फुटलेला नाही. आणि जरूर ऐका.

विवा रेकॉर्ड्स आणि निनुनो मीडिया यांनी मिळून हा ग्रुप उभा केला. १४ फेब्रुवारी २०२१ ला ‘केबाय’ हे पहिलं गाणं आलं. प्रेमिकांच्या दिवशी चक्क प्रेमभंगाचं गाणं! तेव्हा नऊ जण होते. त्यातला किन आधी बाहेर पडला, पुढे गामी आणि वालफरही गेले. उरले तानेओ, मो, तोमास, आर-जी, आलास आणि जाओ. जाणाऱ्यांबद्दल चाहत्यांमध्ये बरीच कुजबुज चालते. त्यात मी पडणार नाही, तो त्या मुलांचा खासगी मामला आहे.

मात्र अलामातमधून कोणी गेलं की इतर ग्रुपपेक्षा जास्त चुटपुट का लागते, हे सांगायला हवं. फिलिपिन्समध्ये दीडशेहून जास्त भाषा बोलल्या जातात, पण टीव्ही, रेडिओ आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्या सगळ्या मनिलात. त्यामुळे देशभर वाजणारं गाणं म्हणजे तागालोग किंवा इंग्रजी, हे जणू ठरलेलंच. निनुनोमागचे चित्रपट दिग्दर्शक जेसन पॉल लाक्सामाना स्वतः कापाम्पांगान भाषिक आहेत. त्यांनी पोरं निवडली ती वेगवेगळ्या मुलखांतली: तानेओ उत्तरेकडच्या डोंगराळ कलिंगाचा, जाओ पाम्पांगाचा, तोमास बिकोलचा. ‘केबाय’मध्ये सात भाषा आहेत: तागालोग, इलोकानो, कापाम्पांगान, सेबुआनो, हिलिगायनोन, बिकोलानो आणि वाराय. कान देऊन ऐका, ओळ बदलली की उच्चारांचा बाजच बदलतो, आणि तरी ठेका कुठे अडखळत नाही. भाषा समजत नसली तरी गाणारा बदलला हे आवाजाआधी शब्दांवरून कळतं. अशा ग्रुपमधून एक जण गेला की त्याच्याबरोबर एका मुलखाचा सूरही जातो. म्हणून पहिल्या नऊ जणांचे चाहते अजून हळहळतात, आणि मला ते अगदी पटतं.

तरीही ग्रुप टिकला, कारण उरलेल्यांनी ‘ज्याची भाषा त्यानेच गायची’ असं कुंपण घातलं नाही. ‘पोर्के’ हे शीर्षकच चावाकानोतलं आहे. ही झाम्बोआंगाकडची, स्पॅनिशच्या पायावर उभी राहिलेली भाषा. ‘कास्माला’ (२०२१) आशियाई लोकांच्या वाट्याला येणाऱ्या वंशद्वेषावर आहे. १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जत्रेत फिलिपिन्सची हजारभर माणसं प्रदर्शनात मांडली होती, त्यात कोर्डिलेराच्या डोंगरांतले आदिवासी होते. कलिंगा त्याच डोंगरांत येतं. तानेओला त्या गाण्यात पाहताना मला ते आठवल्याशिवाय राहत नाही. मंचावर ही मुलं आपापल्या भागातल्या विणकामावर बेतलेले कपडे घालतात, अनेकदा अनवाणी नाचतात.

तुलनेपुरतं सांगतो. एसबी१९ चे पाचही जण २०१८ पासून तेच आहेत. त्यांचं ‘गो अप’ २०१९ मध्ये आलं आणि त्याच्या नाचाच्या सरावाचा व्हिडिओ पसरला तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. बिनीच्या आठही मुली २०२१ पासून टिकून आहेत आणि त्यांचा खरा बोलबाला झाला तो ‘पान्त्रोपिको’नंतर. दुसऱ्या टोकाला एमएनएल४८. तो जपानच्या एकेबी४८ या मुलींच्या मोठ्या ग्रुपचा भाऊबंद, तिथे मुली येत-जात राहणं हे रचनेतच आहे आणि पुढे कोण उभं राहणार ते चाहत्यांच्या मतांवर ठरतं. अलामात या दोन्हींत बसत नाही. तिथे प्रत्येक जण त्याच्या गावासकट घेतलेला होता, म्हणून बदली माणूस आणून जागा भरणं मला तरी चुकीचं वाटलं असतं. सहाच जणांनी पुढे जायचं ठरलं ते बरं झालं.

सुरुवात ‘केबाय’पासूनच करा, नऊ जणांचं ऐका. मग ‘कास्माला’. त्यानंतर थेट २०२३ च्या ‘महारानी’वर या. नाव ओळखीचं वाटेल, पण त्यासाठी नको, आवाज कसे मुरलेत ते ऐकण्यासाठी. आणि शक्यतो थेट कार्यक्रमांचे व्हिडिओ बघा, स्टुडिओतल्या गाण्यात ही मुलं अर्धीच कळतात.